कास्पियनच्या तळाचे दप्तर

पलीकडचा तीर दिसत नाही, लाटांचा गंभीर ध्वनी कानी येतो आणि ओठांवर खारट चव उतरते, म्हणून कास्पियनच्या किनाऱ्यावर उभा राहिलेला मनुष्य आपण महासागराच्या काठी आहोत असे समजला, तर त्याला दोष देता येणार नाही; परंतु सुमारे ३,७०,००० चौरस किलोमीटरांच्या, म्हणजे महाराष्ट्राहूनही विस्तीर्ण अशा या जलाशयातून महासागराकडे जाणारी एकही नैसर्गिक वाट नाही. त्याची पातळी महासागराच्या पातळीहून सुमारे २९ मीटर खाली आहे, त्याचे पाणी महासागराच्या सुमारे एकतृतीयांश खारट आहे, आणि त्याला मिळणाऱ्या नदीजलाचा सुमारे ८० टक्के भाग एकटी व्होल्गा आणून घालते.

एके काळी आल्प्सच्या पायथ्यापासून मध्य आशियापर्यंत पसरलेल्या पॅराटेथिस नामक सागराचा हा अवशेष होय. पर्वत वर आले, सामुद्रधुन्या बुजल्या, पाणी कधी गोडसर तर कधी अधिक खारे झाले. हा पालट ज्यांना सोसला नाही ते सागरी जीव नष्ट झाले, आणि जे थोडे तगले त्यांच्या वंशजांनी लक्षावधी वर्षांच्या एकांतवासात अशी रूपे धारण केली की त्यांपैकी कित्येक पृथ्वीवर अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. मृदुकाय प्राण्यांच्या, म्हणजे शंखशिंपल्यांच्या, बाबतीत ही गोष्ट विशेष खरी आहे.

डिडॅक्ना नावाचा शिंपला तळहातावर घेऊन पाहावा. त्रिकोणाकडे झुकणारी जाड पाठ, तिच्यावरून कडेपर्यंत उतरत आलेले चपटे कंगोरे, आणि आतल्या बाजूस, दोन्ही पुटे जिथे जोडली जातात त्या बिजागरीपाशी, एकमेकांत गुंतणारे बारीक दात. १८३८ साली आइख्वाल्ड या प्राणिशास्त्रज्ञाने कास्पियनच्या शिंपल्यांचे वर्गीकरण करताना या दातांवरूनच तीन नावे योजिली: दोन दातांचा तो डिडॅक्ना, एका दाताचा मोनोडॅक्ना, आणि ज्याचे दात लोपले आहेत तो अडॅक्ना. या अखेरच्या शिंपल्याचे कवच पातळ असते. तो मऊ गाळात खोल दडून राहतो आणि आपल्या लांब नळ्या वर काढून पाणी व अन्न ओढून घेतो. तिन्ही एकाच घराण्याचे. गाळाशी जुळवून घेता घेता त्या घराण्याचे बिजागर कसे पालटत गेले, याचा दाखला त्यांच्या अंगावरच कोरलेला आहे. यांच्याखेरीज लहान लहान गोगलगायींच्याही अनेक जाती येथे आहेत; त्यांचे मनोऱ्यासारखे शंख बहुधा एक सेंटिमीटरही भरत नाहीत.

कास्पियनचा पूर्वेतिहास भूशास्त्रज्ञांनी मुख्यतः डिडॅक्नाच्या आधारे लावला. हिमयुगात हा समुद्र अनेकदा फुगला आणि ओसरला. एका भरतीत तर त्याची पातळी महासागराहून सुमारे ५० मीटर उंच चढली होती. प्रत्येक भरतीच्या गाळात डिडॅक्नाच्या त्या त्या काळच्या जाती पुरल्या गेल्या, आणि थर कोणत्या काळाचा हे त्यांच्यावरून ठरू लागले. ज्या समुद्राची बखर मनुष्याने लिहिली नाही, त्याचे दप्तर या शिंपल्यांनी राखले. काळ्या समुद्राच्या जुन्या थरांतही डिडॅक्ना सापडतो. पण आज जिवंत डिडॅक्ना एका कास्पियनमध्येच उरला आहे.

या एकांतवासाचा भंग मनुष्याने केला. सुमारे १९१९ साली बाटुमीहून बाकूस आगगाडीने नेलेल्या लहान नौकांच्या बुडाला चिकटून मायटिलॅस्टर हा काळ्या समुद्रातला शिंपला येथे पोहोचला, असे मानतात. त्याने आपल्या चिवट तंतूंनी तळाची कठीण जागा व्यापली, आणि तेथे पूर्वापार राहणाऱ्या ड्रायसेना कास्पिया व ड्रायसेना इलाटा या स्थानिक जाती दिसेनाशा झाल्या. पुढे सोव्हिएत सागरशास्त्रज्ञ झेंकेविच यांच्या पुरस्काराने स्टर्जन माशांना खाद्य मिळावे म्हणून अझोव्ह समुद्रातून नेरीस हा किडा, आणि त्याच सुमारास अब्रा हा शिंपलाही, हेतुपुरस्सर आणून सोडण्यात आला. १९५२ साली व्होल्गा-डॉन कालवा खुला झाल्यावर जहाजांच्या तळाला चिकटून आणि त्यांच्या टाक्यांतल्या पाण्यातून येणाऱ्यांना राजमार्गच मिळाला. ड्रायसेनाच्याच कुळातला झेब्रा शिंपला मात्र उलट दिशेने जगभर गेला. १८२४ साली तो लंडनच्या गोदीत दिसला आणि १९८८ साली उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत. परमुलखी तो जलवाहिन्या तुंबवणारा उपद्रवी ठरला, आणि कास्पियनचे शिंपले म्हणजे जणू हीच एक आपत्ती असा जगाचा समज होऊन बसला. त्याचे जे दुर्मीळ भाईबंद मायभूमीतच मरत होते, त्यांची वास्तपुस्त फार थोड्यांनी केली.

आता पाणीच मागे हटू लागले आहे. कास्पियनची पातळी पूर्वीही चढत-उतरत आली आहे. १९२९ ते १९७७ या काळात ती सुमारे ३ मीटर खाली गेली आणि नंतर पुन्हा वर आली. परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चालू असलेल्या उतारामागे वाढत्या उष्म्याने होणारे जादा बाष्पीभवन आहे, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे अनुमान असे की या शतकाच्या अखेरीस ती ९ ते १८ मीटर खालावेल. उत्तर कास्पियन हा भाग संपूर्ण समुद्राच्या पृष्ठाचा पावहून अधिक हिस्सा व्यापतो, पण त्याची सरासरी खोली जेमतेम ५ मीटर आहे. तेव्हा हे अनुमान खरे ठरल्यास तो बहुतेक सगळा उघडा पडेल. मासा पोहून दूर जाईल. गाळात रुतलेल्या शिंपल्याला इतक्या लवकर कोठे जाता येणार?

रक्षण करावयाचे तर आधी कोण हयात आहे हे कळले पाहिजे, आणि खरी अडचण येथेच आहे. शंख व शिंपले प्राण्याच्या मृत्यूनंतर शेकडो, हजारो वर्षे टिकतात. कास्पियनच्या कित्येक जातींचे वर्णन केवळ रिकाम्या कवचांवरून झालेले आहे. किनाऱ्यावर ढिगाने शिंपले पडलेले पाहून समुद्र भरलेला आहे असे मानणे, म्हणजे स्मशानातल्या नोंदींवरून गावाची खानेसुमारी करण्यासारखे आहे.

कास्पियनकाठच्या पाच राष्ट्रांनी सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी तेहरान येथे २००३ साली करार केला आणि २००६ पासून तो अमलात आला. परंतु करारांत आणि योजनांत स्टर्जन व सील यांना जे स्थान मिळते, ते नखाएवढ्या गोगलगायीला मिळत नाही. जहाजांच्या टाक्यांतले पाणी सोडण्यापूर्वी शुद्ध करणे, संरक्षित क्षेत्रांच्या हद्दी पाण्याबरोबर सरकतील अशा आखणे, व्होल्गेच्या पाण्याचा उपसा मर्यादेत ठेवणे, ही कामे राज्यकर्त्यांची आहेत. अभ्यासकाचे काम त्यांच्याही आधीचे: तळाचा गाळ चाळणीवर धुवावा आणि त्यात जोडशिंपला शोधावा, म्हणजे ज्याच्या दोन पुटांमधला लवचिक बंध अद्याप तुटलेला नाही आणि ज्याच्या पाठीवरची पातळ तपकिरी त्वचा अजून शाबूत आहे असा. तो बंध मरणोत्तर फार काळ टिकत नाही. म्हणून तसा एक शिंपला हाती आला, तर ती जात त्या ठिकाणी काल-परवापर्यंत तरी नांदत होती असे म्हणता येते. पाणी अंगावरून ओसरून जाण्यापूर्वी उत्तर कास्पियनच्या उथळ तळावरचे असे जोडशिंपले नोंदवून घेतले पाहिजेत.