फोन जागा होतानाची झडती

बटण दाबल्यापासून पडद्यावर घड्याळ दिसेपर्यंत फोनच्या आत तपासण्यांची साखळी चालते. चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम बूटलोडरची, म्हणजे अँड्रॉइड सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, डिजिटल सही तपासतो, बूटलोडर पुढे अँड्रॉइडची. सगळं जुळलं तर अवस्था हिरवी. बूटलोडरचं कुलूप मुद्दाम उघडलेलं असेल तर नारिंगी. मग आत कुणाचीही प्रणाली चालू शकते.

बँकेच्या ॲपला हे कळणार कसं? अँड्रॉइडलाच विचारून उपयोग नाही, कारण बदललेली प्रणाली बिनदिक्कत खोटं सांगेल. म्हणून बँकेचा सर्व्हर दर वेळी एक नवा, अंदाज न बांधता येणारा आकडा पाठवतो. प्रोसेसरमधला सुरक्षित कप्पा, जिथे अँड्रॉइडचाही हात पोहोचत नाही, तो आकडा आणि बूटची अवस्था एका प्रमाणपत्रात घालून त्यावर सही करतो. आकडा नवा, म्हणून कालचं प्रमाणपत्र आज चालत नाही. मात्र ही सही सर्व्हरवरच पडताळायला हवी. ॲपमध्ये पडताळली, तर चोरालाच पहारा दिल्यासारखं होतं.

एक गोष्ट मला खटकते. जुन्या फोनवर हौसेने दुसरी प्रणाली बसवणारा प्रामाणिक माणूसही नारिंगीच ठरतो. त्याला थेट हाकलण्याऐवजी शिल्लक पाहू द्यावी, मोठी रक्कम पाठवणं तेवढं रोखावं.