लॅटेक्सची गादी घेताना

दिवसभर धुणीभांडी, झाडलोट करून आलेल्या भगिनी कंबरदुखी सांगतात, तेव्हा मी गादीबद्दलही विचारते. पुष्कळजणींची गादी मधोमध खचलेली असते. आता काही घरांत हप्त्यावर लॅटेक्सची गादी येऊ लागली आहे. पैसा घामाचा आहे, म्हणून नीट पाहून घ्या.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्याचा फेस करून, साच्यात तापवून गादी बनते. चांगली गादी तळहाताने दाबून सोडली की लगेच वर येते आणि लवकर खचत नाही. पण कधी कधी वर एखादा इंच लॅटेक्स आणि खाली साधा फोम असतो. ‘लॅटेक्स किती इंच, फोम किती?’ असे विचारा, कव्हरची चेन उघडून पाहा आणि उत्तर पक्क्या बिलावर लिहून घ्या.

दुकानातच दहा मिनिटे पाठीवर व कुशीवर झोपून पाहा. कंबर खड्ड्यात जायला नको, खांदाही दुखायला नको.

ही गादी कापसाच्या गादीसारखी उन्हात टाकू नका. उन्हाने रबर कडक होऊन त्याचा भुगा पडतो. सावलीत वारा द्या. ओलसर जमिनीवर थेट घालू नका, खाली फळ्या ठेवा. रबरी हातमोजे किंवा फुग्याने ज्यांना खाज सुटते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

परवडत नसेल तर कर्ज काढू नका. जुनी गादी पिंजून घट्ट भरून घेतली तरी कंबरेला आधार मिळतो. मात्र दुखणे पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर गादीआधी दवाखाना गाठा.