तो हट्ट नव्हे!



एखादं मूल रोज नुसता दूधभातच खातं, भाजी दिसली की ताट लोटतं. 'लाडानं बिघडलंय, द्या दोन धपाटे,' असं घरची म्हणतात. पण मूल स्वमग्न असेल तर तो पुष्कळदा हट्ट नसतो. भेंडीचा बुळबुळीतपणा, फोडणीचा वास त्याला खरोखरच सोसवत नाही. बळेच भरवलं तर जेवणाचीच धास्ती बसते.

आमचं सांगणं एवढंच : जेवणाची वेळ, जागा ठरलेली ठेवा. आवडीच्या घासाशेजारी नव्या पदार्थाचा नखाएवढा तुकडा ठेवा. आधी बघू दे, हुंगू दे. आडसाली उसाला आपण अठरा महिने थांबतोच की! दूध-गहू बंद केल्यानं स्वमग्नता जाते, याला पुरावा नाही. वजन घटलं तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवावे.