रंग न बदलणारा धातू

लोखंड किंवा तांबं तापलं की लाल होतं आणि तो रंग बघून कारागीर ज्योत मागे घेतो. अ‍ॅल्युमिनियम अशी सूचना देत नाही. चकचकीत दिसता दिसता ६६० अंश सेल्सिअसला ते एकदम ढासळतं. त्यावर झाळ द्यायची ती सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रॉडने, आणि तो रॉड वितळतो ५८० अंशांच्या आसपास. म्हणजे कारागिराच्या हातात फार तर ८० अंशांची जागा. पाइप मिश्रधातूचा असेल, तर त्याहूनही कमी.

गाड्यांच्या एसीची कामं करणाऱ्या पुण्यातल्या एका मिस्त्रींकडे हे काम मी अगदी जवळून पाहिलं. कंडेन्सरच्या तोंडाशी पाइप जिथे बसतो, तिथे तेलाचा ओशट डाग होता. गळती तिथेच. गॅस आधीच यंत्राने काढून घेतलेला होता. ज्योतीत सापडला तर त्याची विषारी, आम्लधर्मी वाफ होते, म्हणून या पायरीत मिस्त्री कुणाचीच घाई ऐकत नाहीत.

मग साफसफाई. निम्म्याहून जास्त वेळ हिच्यातच गेला, आणि माझ्या मते खरं काम हेच. डाग पुसून काढल्यावर स्टेनलेस स्टीलचा ब्रश फिरला. तो फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला, लोखंडाला कधी न लागलेला. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडची साय धरते आणि ती वितळायला २००० अंशांहून जास्त लागतात. खालचा धातू पाणी झाला तरी ही साय तशीच राहते, झाळेला चिकटू देत नाही. ब्रशने ती पातळ होते. उरलेली काढायची ती फ्लक्सने.

इथल्या रॉडच्या पोटातच फ्लक्सची भुकटी भरलेली असते, त्यामुळे वेगळा लेप लावावा लागत नाही. मिस्त्रींनी मऊ ज्योत घेतली आणि ती जाड भागावर जास्त, पातळ पाइपवर ओझरती अशी सतत फिरती ठेवली. “रॉड तापवायचा नाही, जॉब तापवायचा,” ते म्हणाले. मधूनच रॉडचं टोक सांध्याला टेकवून पाहत. पहिल्यांदा ते नुसतंच घासलं गेलं. थोड्या वेळाने टेकवलं तेव्हा पोटातला फ्लक्स आधी सुटला, पाण्यासारखा पारदर्शक होऊन सांध्याभोवती पसरला आणि त्याच्या मागोमाग चकाकता धातू फटीत ओढला गेला. पाइपभोवती कडं पूर्ण झालं, ज्योत बाजूला. हे सगळं काही सेकंदांत. आणखी क्षणभर रेंगाळले असते, तर पाइपच बसला असता. रंगाची जागा इथे फ्लक्सने घेतलेली असते आणि मिस्त्रींची नजर ज्योतीवर नव्हे, त्याच्यावर खिळलेली होती.

फ्लक्समध्ये फ्लोराइड असतं. त्याचा धूर छातीत जाऊ नये म्हणून दार उघडं आणि पंखा पाठीमागून चालू होता. या फ्लक्सचा पांढरा थर सांध्यावर राहिला तरी धातू खात नाही. जुन्या क्लोराइडच्या फ्लक्सचा मात्र गरम पाण्याने घासून काढावाच लागतो, नाहीतर तोच पुढे भोक पाडतो.

सांधा आपोआप निवल्यावर पाइपमध्ये नायट्रोजनचा दाब भरला आणि साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही.

शेजारी दुसरा कंडेन्सर पडला होता, दगड लागून मधल्या चपट्या नळीला भोक पडलेला. तिथली भिंत इतकी पातळ की ज्योत लागताच शेजारचे सांधेही सुटू शकतात; कारखान्यात अख्खा कंडेन्सर नायट्रोजनच्या भट्टीत एकदम झाळलेला असतो. मिस्त्रींनी गिऱ्हाइकाला तो बदलायला सांगितलं, दुरुस्तीचे पैसे मिळत होते तरीही.