जुन्या जखमा आणि जगण्याचे माप

आश्विनात देऊळगाव राजाला बालाजीची यात्रा भरते. घरोघरी पाहुणे येतात. अशा वेळी समजा एखाद्या घरी आजी ओसरीच्या कोपऱ्यात पाय झाकून बसली आहे. दर्शनाला चला म्हटलं की म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घर राखते." तिच्या घोट्यावर वर्षभराची जखम आहे. जखम रुपयाएवढीच, पण तिला वास येतो. तो गर्दीत कुणाला येऊ नये म्हणून आजीनं यात्रा सोडली, पंगतही सोडली.

डॉक्टर पट्टी लावून जखमेची लांबी-रुंदी मोजतात, खोली पाहतात, पू पाहतात. ते हवेच. महिना-दीड महिना उलटला तरी जी भरत नाही तिला आपण जुनी जखम म्हणू. मधुमेह, पायाच्या फुगलेल्या शिरा, अंथरुणाला खिळणे, कुष्ठरोगाने बधिर झालेला तळवा, अशी तिची कारणे असतात. पण आजीची सोडलेली यात्रा कोणत्या पट्टीने मोजायची?

तिलाही पट्टी आहे बरं का. 'जीवनमान' म्हटले की आपल्याला पगार नि महागाई आठवते. इथे मात्र जगण्याची प्रत मोजायची असते. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, कार्डिफ येथे अशा रोग्यांसाठी तयार झालेली प्रश्नावली २००४ साली प्रसिद्ध झाली. पुढे २०१४ साली जर्मनीतून 'वूंड-क्यूओएल' नावाची आटोपशीर प्रश्नावली आली. तिच्यात १७ प्रश्न आहेत, आणि सारे गेल्या सात दिवसांपुरते. जखम दुखली का? वास आला का? झोप मोडली का? कुठे धक्का लागेल अशी धास्ती वाटली का? दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागले का? पैशाचा भार झाला का? 'मुळीच नाही' याला ०, 'फार' याला ४. साऱ्यांची सरासरी काढायची. महिन्याने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. जखम तेवढीच दिसते, पण आकडा ३ वरून २ वर आला, तर उपचाराने काहीतरी साधले म्हणायचे.

आता यातली अडचण ऐका. एक प्रश्न जिना चढण्याचा आहे. आपल्याकडच्या एकमजली घरात जिना कुठला? इथे अडते ते उकिडवे बसताना, मांडी घालताना, कपाशी वेचताना. म्हणून कुणी मनाने प्रश्न बदलू लागला तर आकड्यांची तुलनाच उरत नाही. भाषांतर करून, रोग्यांना विचारून, पारखूनच नवी प्रश्नावली वापरावयाची असते. तोवर मूळचे प्रश्न तसेच ठेवावेत नि मांडीचे, शेताचे बाजूला टिपून घ्यावे.

आणि विचारणार कोण? "आजी, कसं आहे?" म्हटलं की "बरं हाये, डाक्टरसाहेब" हे उत्तर ठरलेलं. सून शेजारी असली तर आजीच्या आधी तीच बोलते. आजीला एकटीला, सावकाश विचारावे.

सगळ्यात मोठा धोका बधिर पायाचा. तिथे 'दुखते का?' याला प्रामाणिक उत्तर ० येते, आणि नेमका तोच पाय गमावण्याची भीती अधिक. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले, की बोटे निव्वळ रोगाने झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा इजा करून घेतो. तेव्हा आकडा कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मधुमेह्याने रोज रात्री तळवा पाहावा. वाकवत नसेल तर खाली आरसा धरावा.

मग ही विचारपूस करून मिळते काय? आजीचेच घ्या. वास येतो हे तिने सांगितले नाही तर ड्रेसिंग नेहमीचेच चालू राहते. सांगितले तर वास धरून ठेवणारे कोळशाचे ड्रेसिंग आहे, वास करणाऱ्या जंतूंवर मेट्रोनिडॅझोल आहे. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तुमच्या घरी असे कुणी असेल तर पुढच्या खेपेला ग्रामीण रुग्णालयात जाताना एक चिठ्ठी न्या. गेल्या आठवड्यात किती रात्री झोप नव्हती, किती दिवस मजुरी बुडाली, आणि कुठे जायचे टाळले, एवढे तीन ओळींत लिहा नि ड्रेसिंगच्या आधी डॉक्टरांच्या हाती द्या.