चेहरा किती अंतरावरून?
दादरच्या फुलबाजारात नकळत एखादा चेहरा टिपायचा, तर लेन्स कोणती? फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंतची चौकट हवी असेल, तर ८५ मिमीला साधारण पावणेदोन मीटर अंतर लागतं, ५० मिमीला एक मीटर. २८ मिमीला जेमतेम अर्धा, म्हणजे समोरच्याच्या अंगावरच! इतक्या जवळून नाक मोठं दिसतं, कान मागे जातात. दोष लेन्सचा नव्हे, अंतराचा. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ब्रूस गिल्डन २८ मिमी आणि फ्लॅश घेऊन असाच अंगावर जायचा. ते सगळ्यांना झेपत नाही, शोभतही नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँची भिस्त मुख्यतः ५० मिमीवर होती. १३५ मिमीने पावणेतीन मीटरवरून काम भागतं खरं, पण मधून झेंडूच्या पाट्या डोक्यावर घेतलेली माणसं जात राहतात.

कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी असेल तर आकडा दीडपट धरा (कॅननमध्ये १.६): तिथे ३५ मिमी सुमारे ५२ सारखी वागते. एकच लेन्स घ्यायची तर मी ५० घेईन; फोटो काढून झाल्यावर माणसाशी दोन शब्द बोलता येतात. आणि माणसं चालती असतील तर शटर १/२५० सेकंदाहून मंद नको.