‘मधुचंद्र’ या शब्दाचा मूळ अर्थ

लग्नसराईंत ‘मधुचंद्र’ हा शब्द वारंवार कानीं पडतो. एखादें नवविवाहित जोडपें महाबळेश्वरास किंवा आपल्याच जिल्ह्यांतील माथेरानास गेलें म्हणजे तें मधुचंद्रास गेलें, असें आपण म्हणतों. परंतु मधाचा आणि चंद्राचा विवाहाशीं संबंध काय, याचा विचार आपण क्वचितच करतों.

हा शब्द ‘हनीमून’ या इंग्रजी शब्दाचें शब्दशः भाषांतर होय. प्राचीन काळीं वधूवरांस महिनाभर मधाचें मद्य पाजीत, त्यावरून हें नांव पडलें, असें कित्येक सांगतात. गोष्ट मनोरंजक खरी. पण या शब्दाच्या जुन्यांत जुन्या उल्लेखांत तिचा मागमूस नाहीं. इ. स. १५४६ मध्यें जॉन हेवुड याच्या म्हणींच्या पद्यग्रंथांत हा शब्द आढळतो. पुढें १५५२ सालीं रिचर्ड ह्यूलोएट यानें आपल्या कोशांत त्याचा खुलासा केला. नवदंपतीचें प्रेम आरंभीं अतोनात असतें, पण तें लवकरच ओसरेल असें दिसतें. त्या आरंभींच्या काळास सामान्य लोक हें नांव देतात, असा त्या खुलाशाचा आशय आहे. म्हणजे मध हा गोडीचा आणि चंद्र हा क्षयाचा द्योतक. पौर्णिमेचें बिंब दुसऱ्या दिवसापासूनच झिजूं लागतें, हा त्यांतील टोमणा!

पुढें हा टोमणा लोक विसरले. १७५५ सालच्या डॉक्टर जॉन्सन यांच्या कोशांत ‘विवाहानंतरचा पहिला सुखाचा महिना’ एवढाच अर्थ उरला. चंद्रावरून महिना हें ओघानेंच आलें. आपल्या ‘मास’ शब्दाचेही संस्कृतांत चंद्र आणि महिना असे दोन्ही अर्थ आहेत. एकोणिसाव्या शतकांत तो शब्द विवाहानंतरच्या प्रवासास लागूं लागला, आणि प्रवासाचा तोच अर्थ मराठींत रूढ झाला.

चंद्राच्या वृद्धिक्षयाची ओळख आपणां समुद्रकांठच्या लोकांस नव्यानें करून द्यावयास नको. पौर्णिमा-अमावास्येस उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. अलिबाग, रेवदंडा, मुरूड येथील कोळी बांधव तिथीवरूनच पाण्याचा अंदाज घेतात. परंतु भांग आला म्हणून कोणी होडी मोडून टाकीत नाहीं. उधाण पुनः येणार, हें त्यास ठाऊक असतें. झिजणारा चंद्र पुनः वाढतो, ही अर्धी गोष्ट त्या जुन्या इंग्रजी म्हणीनें सांगितलीच नाहीं.

पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत, नवविवाहित पुरुषास एक वर्षपर्यंत युद्धाची व इतर कामगिरी माफ केली आहे. त्यानें घरीं राहून पत्नीस आनंदित करावें, अशी आज्ञा आहे. तेथें मुदत महिन्याची नसून वर्षाची आहे, आणि भर प्रवासावर नसून घरावर आहे. पहिल्या दिवसांचा उत्साह ओसरणें हा निसर्गक्रमच होय. ओहोटींत एकमेकांस सांभाळून घेणें, हें मात्र ज्याचें त्यानें शिकावयाचें असतें. आणि तें ज्या घरांत शिकतात, तेथें मधाची गोडी एका महिन्यांत संपत नाहीं.